लोवेल : मिलचं गाव, येणाऱ्यांचं गाव

बॉस्टनहून लोकल गाडीने पाऊण तासात लोवेल येतं. वस्ती साधारण सव्वा लाखाच्या आत. अमेरिका फिरून आलेल्यांच्या तोंडी हे नाव सहसा नसतं. माझी भाची तिथल्या विद्यापीठात शिकते, म्हणून माझं जाणं झालं. आणि आपण इंदूरकरांनी तर हे गाव मुद्दाम पाहावं, असं वाटलं.

लोवेल हे मिलचं गाव. मेरिमॅक नदी इथे धबधब्याने खाली उतरते. ते पाणी कालव्यांनी फिरवून त्याच्या जोरावर १८२०च्या दशकात कापडाच्या मिल सुरू झाल्या. पहिल्या कामगार होत्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं आणि दिवसाचे बारा-तेरा तास मागावर उभं राहायचं. १८३४ मध्ये पगार कापले, तेव्हा या मुलींनी चक्क संप केला. १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला, तेव्हा पुन्हा केला. याच मुली 'लोवेल ऑफरिंग' नावाचं स्वतःचं मासिकही लिहीत होत्या! मागावर येणारा कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे, हेही तिथलं संग्रहालय लपवत नाही.

ते संग्रहालय म्हणजे जुनी बूट मिल. विणाईच्या दालनात जाण्याआधी कानात घालायला बोळे देतात. आत ८८ माग आहेत आणि त्यातले काही खरोखर चालवतात. पायाखालची जमीन थरथरते. माझे आजोबा मालवा मिलमध्ये होते. ते घरातही मोठ्याने का बोलायचे, ते मला तिथे कळलं.

कालवे खणायला आयरिश मजूर आले होते. नंतर कॅनडातले फ्रेंच भाषक, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज आले. प्रत्येकाने सुरुवात सगळ्यात खालच्या कामापासून केली. इंग्रजीतला प्रसिद्ध लेखक जॅक केरूअॅक १९२२ मध्ये इथेच, अशाच एका कॅनडाहून आलेल्या कुटुंबात जन्मला. त्याच्या घरची भाषा फ्रेंच. इंग्रजी त्याला नंतर शिकावी लागली.

पुढे मिल दक्षिणेकडे गेल्या आणि गाव ओस पडू लागलं. १९८०च्या दशकात, ख्मेर रूजच्या संहारातून वाचलेली कंबोडियन कुटुंबं इथे आली. तेव्हा वँग ही संगणक कंपनी जोरात होती, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत हातांना काम होतं. १९९२ मध्ये वँगचंही दिवाळं निघालं. पण माणसं गेली नाहीत. आज अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या कंबोडियन वस्त्यांमध्ये लोवेलची गणना होते. त्यांच्या मोहल्ल्यात ख्मेर लिपीतल्या पाट्या दिसतात, किराणा दुकानात लेमनग्रासचा वास येतो, आणि गल्ल्यावरची मुलगी आजीशी ख्मेरमध्ये, माझ्याशी इंग्रजीत बोलते.

नगरपालिकेत मात्र या लोकांना सहजी जागा मिळाली नाही. निवडणुकीच्या पद्धतीमुळे आपले उमेदवार निवडूनच येत नाहीत, म्हणून आशियाई आणि लॅटिनो रहिवासी २०१७ मध्ये कोर्टात गेले. तडजोड होऊन पद्धत बदलली. २०२२ च्या जानेवारीत सोखारी चाऊ महापौर झाले. लहानपणी कंबोडियातून जीव वाचवून निघालेला हा माणूस अमेरिकेतला पहिला कंबोडियन वंशाचा महापौर ठरला.

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यालाही पिढ्यान्‌पिढ्या विचारतात. लोवेलमध्ये हाच प्रश्न आयरिशांना, मग ग्रीकांना, मग कंबोडियनांना विचारला गेला. आणि गाव चालवलं ते याच लोकांनी.

एका गोष्टीचा मात्र हेवा वाटला. लोवेलच्या जुन्या मिल १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहेत. कामगारांचे पगार, पत्रं, जेवणाची ताटं सगळं जपलं आहे. आपली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ साल उजाडलं. मालवा मिल तर आता चौकाच्या नावातच उरली आहे. त्या मिलमध्ये काम केलेलं कुणी तुमच्या घरात अजून असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. पाळी किती वाजता सुरू व्हायची, डब्यात काय असायचं, शेजारच्या मागावर कोण असायचं, विचारा. आणि लिहून ठेवा.