टोकाचा मुलगा

मोठ्या काकांचा फोन आला होता. गावच्या घराचं हक्कसोडपत्र करायचंय, बाबांनी सहीला यावं. बाबा तीन दिवस त्यावर काहीच बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात, ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराजवळ चेंगरलेला असताना मोबाईलवर एक चित्र दिसलं. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचं ‘स्नॅप द व्हिप’. ‘हार्पर्स वीकली’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात २० सप्टेंबर १८७३ रोजी छापलेलं. मागे डोंगर आणि छोटीशी शाळा, पुढे हात धरून धावणाऱ्या पोरांची साखळी. एका टोकाची मुलं अचानक पाय रोवून थांबतात, झटका दुसऱ्या टोकाला बसतो. तिथली पोरं गवतात फेकली जातात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे बनलं कसं ते आधी शोधलं. तेव्हा अशी चित्रं बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडावर कोरायचे. त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून छोटे ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा करायचे. मग तो सुटा करून एकेक तुकडा वेगवेगळ्या कारागिराला द्यायचे आणि शेवटी पुन्हा जोडायचे. काही छापांत सांध्याची पांढरी रेघ दिसते.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं. माणसं गावं सोडून कारखान्यांकडे निघाली होती. होमर स्वतः बोस्टनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये राहणारा. म्हणजे गावातलं बालपण छापलं जात होतं ते शहरात.

बाबांचं कोकणही मला डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्येच मिळालं. तेही तुकड्यातुकड्यानं. जेवताना विहीर, लोडशेडिंगच्या अंधारात आंब्याची राखण. ते गाव सोडून का आले, हा तुकडा मात्र कधीच आला नाही. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्री बाबांना चित्र दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी ते बोटांनी मोठं केलं.

“आम्ही पण खेळायचो हे. मी सगळ्यात धाकटा, म्हणून कायम टोकाला.”

“लागायचं?”

“लागायचं की. पण दादा हात घट्ट धरायचा.” थोडं थांबून म्हणाले, “जमीन एवढीशी. सगळ्यांचं भागणार कसं? कुणीतरी सुटणारच होतं.”

मग त्यांनी ठाण्याहून राजापूर रोडचं तिकीट काढायला सांगितलं. सही करणार की नाही, ते बोलले नाहीत.

मी दोन तिकिटं काढली.