हजेरी घेणारा आणि चारा घालणारा





वार्तापत्राच्या या पानावर आम्ही बहुधा परीक्षा, निकाल आणि स्नेहसंमेलन यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. शाळेच्या आवारात येणारी मोकाट कुत्री आणि गुरे यांचे काय करावे, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत येणार आहे. बैठकीपूर्वी आपले विचार सर्वांपुढे ठेवावेत, असे आम्हाला वाटले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले हे आपणांस ठाऊक आहेच. घरी आजी ज्याला ‘कोंडवाडा’ म्हणत असे, त्याला शाळेत आणि बाजारात ‘कांजी हौस’ म्हणत. हा शब्द आमच्या मनात पक्का बसला तो मुंशी प्रेमचंदांच्या ‘दो बैलों की कथा’ या गोष्टीमुळे. नववीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात ती वर्षानुवर्षे होती, त्यामुळे आपल्या अनेक पालकांनीही ती वाचली असेल. हिरा आणि मोती हे दोन बैल कांजी हौसात कोंडले जातात. तेथे म्हशी, घोड्या, शेळ्या, गाढवे सारी आहेत, पण कोणापुढे काडीभर चारा नाही. रात्री चौकीदार कंदील घेऊन येतो, तो मात्र जनावरांची हजेरी घ्यायला!

विद्यार्थी असताना आम्हाला त्या गोष्टीत भिंत फोडणाऱ्या हिरा आणि मोतीचे शौर्य तेवढे दिसले. शिक्षक झाल्यावर तो चौकीदार दिसू लागला. त्याच्याकडे कंदील होता, यादी होती, काठी होती. जनावरे किती आहेत हे त्याला ठाऊक होते. त्यांनी खाल्ले की नाही, हे पाहणे त्याच्या कामात नव्हते. ते कोणाच्याच कामात नव्हते.

कायद्यात तर ते होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्यातूनच हे कोंडवाडे चालत आले. त्या कायद्यात कोंडवाड्याच्या राखणदारावर आणलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ठेवण्याची आणि त्याला चारापाणी देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, मग गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी, आणि पुढच्या सात दिवसांतही कोणी न आल्यास लिलाव. लिलावात राखणदाराने स्वतः जनावर विकत घ्यायचे नाही, हेही लिहिले आहे. म्हणजे लबाडी कोठे होऊ शकते याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. परंतु त्याच कायद्यात असेही आहे की, हा राखणदार दुसरी सरकारी नोकरी सांभाळून हे काम करू शकतो. आमच्या मते गोची येथेच झाली. ज्याचे मुख्य काम दुसरेच आहे, त्याच्या हाती मुक्या जीवांचे पाणी आले. नोंद वरिष्ठ तपासतात, म्हणून नोंद होत राहिली. तहान कोणी तपासत नाही.

माणसांची कामे कशी वाटली जातात यावर जनावरांचे किती अवलंबून असते, याचे जुने उदाहरण मुंबईचे आहे. तेथे उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे पैसे मिळत. मोजून पैसे मिळू लागल्यावर शिपायांनी मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते हे पाहणे सोडून दिले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. जून १८३२ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, दंगल झाली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन केली. एका पारशी आणि एका जैन गृहस्थाने उभे केलेले ते काम आजही मुंबईत चालू आहे. शिपाई सारेच क्रूर होते असे आम्हास वाटत नाही. त्यांना ज्या कामाचे पैसे मिळत, तेच काम त्यांनी केले.

आता आम्ही स्वतः पाहिलेली हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या जनावर-निवाऱ्यातील कर्मचाऱ्यांची कामे नव्याने लावायची होती. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. नागरिकांच्या समितीत एक शिक्षक असावा म्हणून आम्हाला बोलावण्यात आले. एका बाजूला गुरांचे कांजी हौस, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे पिंजरे, आणि मिळून नऊ कर्मचारी. कार्यालयात कामांचा तक्ता टांगलेला होता : वसुली, नोंद, पकडगाडी, चारा, सफाई, औषध. तक्ता सुंदर होता. परंतु चारा घालणारा एकच होता आणि रविवारी त्याची सुटी असे. रविवारी पाणी कोण देतो, असे विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिले. तिघांनाही प्रामाणिकपणे वाटत होते की दुसरा देतो.

नवीन आलेल्या अधिकारी बाईंनी एकही माणूस वाढवला नाही. तेवढा पैसाच नव्हता. त्यांनी कामाऐवजी जनावरे वाटून दिली. निवाऱ्याचे तीन भाग केले. प्रत्येक भागास एक मुख्य माणूस आणि त्याच्या सुटीच्या दिवशी त्याचा जोडीदार. त्या भागातील जनावराचे चारा, पाणी, औषध, जखम सारे त्यानेच पाहायचे. वहीत जनावरांची एकूण संख्या न लिहिता प्रत्येक जनावराची वेगळी ओळ ठेवली आणि त्या ओळीपुढे रोज सही. दुसरे असे की, पकडगाडीवरच्या माणसांनी आळीपाळीने पिंजऱ्यावरही काम करायचे. आज आपण फास टाकून ओढलेला कुत्रा उद्या आपल्यालाच खाऊ घालायचा आहे, हे कळल्यावर फास टाकणारा हात आपोआप सावध होतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. शेण आणि घाण काढण्याचे काम वर्षानुवर्षे दोनच माणसांकडे होते, आणि ती दोनच का होती हे आपल्या समाजात कोणाला समजावून सांगायला नको. बाईंनी सफाई सर्वांच्या पाळीत टाकली. फार कुरबुर झाली. एक जण म्हणाला, “मॅडम, आम्ही गाडीवाले आहोत, झाडूवाले नाही.” बाई शांतपणे म्हणाल्या, “जनावराला तुमची जात ठाऊक नाही, भाऊ. वास मात्र त्याला येतो.” पहिल्या सोमवारी झाडू त्यांनी स्वतः हातात घेतला. पुढील महिन्यात कुरबुर संपली असे आम्ही म्हणणार नाही, पण गोठा स्वच्छ राहू लागला.

सगळेच चांगले झाले असे मात्र नाही. कुत्रे पकडणाऱ्यांतील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याविरुद्ध लोकांच्या तक्रारी होत्या, म्हणून या फेरबदलात त्याला पाणीपट्टीच्या शाखेत पाठवले गेले. तो तोंडाचा फटकळ होता. परंतु पिसाळलेला कुत्रा चालीवरून, लाळेवरून आणि आवाजावरून तो दुरून ओळखत असे. त्याचे हे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही. नव्या मुलांना त्याच्याबरोबर महिनाभर फिरवले असते तर पुष्कळ वाचले असते. रोजंदारीवरील चौघांना हातमोजे मिळाले, पण रेबीजची प्रतिबंधक लस मिळायला फार वेळ लागला. ज्याच्या हाताला रोज दात लागू शकतो, त्याचेच नाव यादीत शेवटी होते.

खरे पाहता नियमांमध्येही आता हा विचार आला आहे. २००१ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम केले. मारण्याऐवजी शस्त्रक्रिया, लसीकरण आणि जेथून पकडले तेथेच सोडणे, अशी पद्धत त्यात सांगितली. पकडणाऱ्या पथकात कोण असावे हेही सांगितले : गाडीचा चालक, स्थानिक संस्थेचे दोन किंवा अधिक प्रशिक्षित कर्मचारी, आणि प्राणिकल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. आपल्या मध्य प्रदेशात पंचायतींच्या गोशाळा उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेक गोशाळा महिलांचे स्वयंसहायता समूह चालवतात. २०२५ साली राज्य सरकारने दर जनावरामागचे रोजचे अनुदान २० रुपयांवरून ४० रुपये केले. हे चांगलेच झाले. पण ४० रुपयांचा चारा गव्हाणीत टाकायला माणूसच लागतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो सौम्य करून, शस्त्रक्रिया व लस झालेली कुत्री परत सोडावीत, मात्र पिसाळलेली किंवा आक्रमक सोडू नयेत, असे सांगितले. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांविषयी वेगळा आदेश आला. आवाराला कुंपण असावे, देखरेखीसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, मुलांना व कर्मचाऱ्यांना प्राण्यांशी कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकवावे, आणि तेथून उचललेली कुत्री परत तेथेच सोडू नयेत, असा त्याचा आशय होता.

आम्ही मुलांचे पालकत्व पत्करले आहे, त्यामुळे मुलांची सुरक्षा प्रथम, यात दुमत नाही. पण बिरसा हे काही महानगर नव्हे. येथून उचललेला कुत्रा कोठे जाईल, तेथे त्याला पाणी कोण देईल, हे विचारल्याशिवाय गाडी बोलावणे म्हणजे आपला प्रश्न भिंतीपलीकडे फेकणे होय. शिवाय आपल्या तहसिलीच्या उशाला कान्हाचे जंगल आहे. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. गावातील कुत्र्याला लस टोचणे ही जंगलाचीही राखण आहे.

बैठकीत कोणीतरी सुचवील की, हे काम चपराशी दादा करतील. याच वाक्याला आमची हरकत आहे. घंटा, फाटक, पाणी, टपाल हे सारे सांभाळणाऱ्या माणसाला आणखी एक ओळ लिहून देणे म्हणजे हजेरी घेणारा चौकीदार नेमणे. नाव कागदावर राहील, काम कोणाचेच राहणार नाही. म्हणून आमची विनंती अशी आहे :

जबाबदार अधिकारी म्हणून प्राचार्यांचे नाव लिहावे. ते आम्ही आनंदाने स्वीकारू. एका शिक्षकाकडे आणि त्यांच्या जोडीदाराकडे आवाराची रोजची पाहणी द्यावी आणि त्यांचा एक तास कमी करावा. मागील बाजूचे तुटलेले कुंपण या उन्हाळ्यात दुरुस्त करावे. फाटकावरील दादांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक लस शाळेच्या खर्चाने द्यावी. आणि पशुचिकित्सा विभागाला पत्र लिहून आवारात येणाऱ्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी आग्रह धरावा. ती येथे असोत वा दुसरीकडे जावोत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडेसे. मैदानात कुत्री येतात ती तुमच्या डब्यातील उरलेल्या पोळीसाठी. उरलेले अन्न झाकणाच्या डब्यातच टाका. झोपलेल्या, खात असलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नका. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, ओरडू नका, स्थिर उभे राहा. चावला किंवा ओरखडा जरी आला तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-मिरची काही लावू नका, आणि मोठ्यांना सांगून त्याच दिवशी दवाखान्यात जा. मार बसेल या भीतीने लपवू नका. पालकांनीही रागावू नये. रेबीज एकदा लक्षणे दाखवू लागला की वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते, आणि तिच्या सर्व मात्रा पूर्ण करायच्या असतात.

रोज सकाळी आम्हीही वर्गावर्गांतून हजेरी घेतो. मुले किती आली हे आम्हाला लगेच कळते. त्यांतील कोण न खाता आले, कोणाचे डोळे रडून लाल आहेत, हे पाहणारा माणूस प्रत्येक वर्गाला हवा, म्हणूनच वर्गशिक्षक असतो. जनावरांच्या बाबतीतही आपण तेवढेच करायचे आहे : प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव, आणि त्या माणसाला ते काम करायला वेळ. विश्वस्त मंडळींनी या दृष्टीने विचार करावा, ही नम्र विनंती. बैठकीपूर्वी पालकांच्या काही सूचना असतील तर त्या लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात.

आपले,
प्राचार्य