किती खात्रीने?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, करोनाच्या ऐन धामधुमीत रुग्णालयांना जनरेटर चालू करावे लागले, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी कारण सांगितलं: कळवा-पडघे ४०० केव्हीच्या एका सर्किटवर देखभालीचं काम चालू होतं, भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यात बिघाड झाला. विषय मिटला असं वाटलं. साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो मुंबईच्या अंधाराशेजारी ठेवून मोठी बातमी केली. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल पुढे आणला: वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन (निरुपद्रवी रूपाने शिरणारी घातक सॉफ्टवेअरं), परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा, घातपाताची शक्यता. आणखी एका दिवसाने केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग म्हणाले, सायबर हल्ल्यामुळे नव्हे, मानवी चुकीमुळे वीज गेली.

यातलं कोण खरं बोलत होतं, यावर तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर वाद झाले. सायबर इंटेलिजन्सच्या, म्हणजे या धंद्यातले लोक ज्याला नुसतं 'थ्रेट इंटेल' म्हणतात त्या कामातल्या माणसाला मात्र वेगळंच खुपतं. इथे तीन निरनिराळे दावे एकाच दोरीवर वाळत घातले होते. वीज क्षेत्राच्या यंत्रणांमध्ये कुणीतरी शिरलेलं आहे, हा पहिला. शिरणारे चीनशी संबंधित आहेत, हा दुसरा. आणि त्यांनीच त्या सोमवारी वीज घालवली, हा तिसरा. प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो.

पहिल्या दोन दाव्यांचा पुरावा रेकॉर्डेड फ्यूचरकडे होता. वीज क्षेत्रातल्या १० संस्था, त्यात पाचांपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं, आणि शिवाय दोन बंदरं. यांच्याकडून निघालेली इंटरनेटवरची वाहतूक शॅडोपॅड या घुसखोरी-सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांकडे जाताना दिसत होती, आणि शॅडोपॅड चीनशी जोडलेल्या अनेक गटांच्या हातात सापडतं. तिसऱ्या दाव्याबद्दल त्याच अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही. ते वाक्य कुणी वाचलं नाही, निदान मथळे करणाऱ्यांनी तरी नाही. ट्रोजनचंही तसंच. ते कचेरीतल्या संगणकांवर सापडले की वीजवाहिन्यांचे ब्रेकर चालवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेत, हे कळल्याशिवाय त्या १४ आकड्याला फारसं वजन नाही. कचेरीतून नियंत्रणाकडे जायला वाट होती का? त्या वाटेने कुणी गेलं का? दहा वाजण्याच्या आसपास कुठल्या उपकरणाला कुठला आदेश मिळाला? ही साखळी जुळली तर घातपात म्हणता येतं. नाही तर देशातल्या कुठल्याही मोठ्या कचेरीतले सगळे संगणक एका दिवशी नीट तपासले, तर मोजणी चौदावर थांबेल का याची शंकाच आहे.

संगणक येणारी पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. या कामात अडतं ते दुसरीकडेच: पुरावा जेवढा, तेवढंच बोलायला शिकण्यापाशी.

हे दुखणं सायबर हल्ल्यांपेक्षा जुनं आहे. १९५१ साली अमेरिकी गुप्तचरांनी एक अंदाजपत्र काढलं होतं: सोव्हिएत गट त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करील का? त्यात 'गंभीर शक्यता' आहे असं लिहिलं. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने ते तयार करणाऱ्या शर्मन केंट यांना विचारलं, म्हणजे नेमकी किती? केंट म्हणाले, हल्ल्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५. अधिकारी दचकला, त्याने कितीतरी कमी धरली होती. मग केंटनी त्याच मजकुरावर सह्या करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना एकेकट्याने विचारलं. कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०. शब्दावर मात्र सगळ्यांचं एकमत! केंटनी १९६४ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला आणि आज बऱ्याच चांगल्या थ्रेट इंटेल अहवालांत शक्यता, खात्री कमी-मध्यम-जास्त, अशी मापं दिलेली असतात ती त्याच परंपरेतली. आपल्या बातम्यांमधलं 'शक्यता नाकारता येत नाही' हे या कामातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य. नाकारता काहीच येत नाही.

खात्री मोजायची तर आधी हातातला पुरावा कळायला हवा, आणि त्यासाठी तंत्र लागतंच. नेटवर्क कसं चालतं, डीएनएसला कोण काय विचारतं, विंडोजचे इव्हेंट लॉग, फायरवॉलचे लॉग, थोडंफार पायथॉन. हे शिकवणारे वर्ग पुण्यात गल्लोगल्ली आहेत. तिथे सहसा न शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे लॉगमधलं घड्याळ. समजा, सर्व्हरवर एका कर्मचाऱ्याच्या नावाने लॉगिन दिसतं, वेळ ०३:४७. रात्री पावणेचारला कोण आलं, म्हणून धावपळ सुरू होते. ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात यूटीसी लिहिलेलं असतं. त्यात साडेपाच तास मिळवले की सकाळचे सव्वानऊ होतात. तो माणूस बस पकडून, डबा टेबलावर ठेवून, निमूट कामाला बसलेला असतो. उलटही होतं. संध्याकाळचं वाटलेलं लॉगिन खरं म्हणजे मध्यरात्रीचं निघतं. शिवाय फायरवॉल भारतीय वेळ लिहितो, क्लाउड यूटीसी, आणि एखाद्या जुन्या यंत्राचं घड्याळ सात मिनिटं पुढे. सगळं एका वेळेवर आणल्याशिवाय कोणतं आधी घडलं आणि कोणतं नंतर, हेच कळत नाही.

हल्लेखोर कुठल्या वेळेला कामावर येतात, जेवायला कधी उठतात, यावरूनही त्यांच्या देशाचा माग काढतात. तिथे इतिहासही लागतो. उत्तर कोरियाने १५ ऑगस्ट २०१५ ला आपलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं आणि ५ मे २०१८ ला पुन्हा पुढे केलं. मधल्या पावणेतीन वर्षांतल्या नोंदी आजच्या वेळेने मोजल्या तर प्याँगयाँगचा सगळा दिवस अर्ध्या तासाने सरकतो.

अर्थात, असल्या खुणा पेरताही येतात. २०१८ च्या ९ फेब्रुवारीला प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन चालू असताना तिथलं वायफाय आणि ऑलिंपिकचं संकेतस्थळ कोलमडलं, लोकांना तिकिटं छापून घेता येईनात. या मालवेअरला पुढे ऑलिंपिक डिस्ट्रॉयर हे नाव पडलं. त्याच्या फाइलमध्ये एक 'रिच हेडर' होता. मायक्रोसॉफ्टची साधनं एखादा प्रोग्रॅम बांधताना आपण कुठल्या आवृत्त्या वापरल्या याची एक छोटी नोंद मागे सोडतात, ती ही. उत्तर कोरियाच्या लॅझरस गटाच्या एका जुन्या नमुन्यातला रिच हेडर आणि हा, दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. इथे थांबायचा मोह कुणालाही होईल, कारण यजमान दक्षिण कोरिया आणि संशयित उत्तर कोरिया. गोष्ट आपोआप जुळते.

कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीचे संशोधक थांबले नाहीत. हेडर सांगत होता की प्रोग्रॅम व्हिज्युअल सी++ ६ ने, म्हणजे १९९८ च्या साधनाने बांधलाय. आतल्या कोडमध्ये मात्र एमएसकोरी.डीएलएल या फाइलचा उल्लेख असलेला एक त्रुटीसंदेश होता, आणि तो त्या जुन्या आवृत्तीत असायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे हेडर कुणीतरी दुसरीकडून उचलून इथे चिकटवला होता, आणि तोही शोधणाऱ्याच्याच हाती लागावा म्हणून. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्यासह अनेक प्रकरणांत रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.

रिचर्ड्स ह्यूअर हे सीआयएमधले जुने विश्लेषक. त्यांनी सांगितलेली रीत अशा ठिकाणी कामी येते: आपल्या लाडक्या तर्काला पुष्टी देणारे पुरावे गोळा करत बसू नका, सगळे तर्क शेजारी मांडा आणि कुठला पुरावा कुठल्या तर्काला खोडतो ते पाहा. सारखा रिच हेडर 'लॅझरसने केलं' या तर्काशी जुळतो, तसाच 'लॅझरसवर आळ घालायचा होता' याच्याशीही. त्रुटीसंदेश मात्र पहिल्याशी जुळतच नाही. ऐकायला सोपं आहे. रात्री अकरा वाजता, वरिष्ठ फोनवर असताना, स्वतःच्याच तर्काविरुद्धचा पुरावा शोधणं अवघड जातं. त्याउलट २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने जगभरची रुग्णालयं आणि कारखाने ठप्प केले, तेव्हा गूगलचे नील मेहता यांनी ट्विटरवर फक्त दोन नमुन्यांच्या खुणा आणि कोडमधल्या जागा लिहिल्या, सोबत एक हॅशटॅग. त्यात देशाचं नावसुद्धा नव्हतं. कोड कुठे सारखा आहे ते दाखवलं. पुढचं ज्याने त्याने तपासावं. या कामाचा संयम पाहायचा तर ते ट्विट पाहावं.

नव्याने येणाऱ्यांचा बराचसा वेळ आयपी पत्ते आणि फाइलींच्या हॅशच्या, म्हणजे ठशांच्या, याद्या इकडून तिकडे हलवण्यात जातो. डेव्हिड बियांको यांनी २०१३ मध्ये 'वेदनेचा पिरॅमिड' मांडून याचं मोल दाखवून दिलं: हॅश बदलायला हल्लेखोराला क्षणही लागत नाही, पत्ता बदलायला थोडा वेळ, हत्यार बदलायला बरेच कष्ट, आणि काम करण्याची सवय बदलणं सगळ्यांत जड. तरी कचेऱ्यांमधून महिनाअखेरीला 'इतके हजार पत्ते ब्लॉक केले' हेच आकडे वर जातात, कारण ते मोजता येतात.

सवय ओळखायची तर ज्याच्यावर हल्ला होतोय त्याचा धंदा कळावा लागतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण इथे पाहण्यासारखं आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेच्या 'स्विच'ला विचारतं, पैसे द्यायचे का? स्विच तो प्रश्न कोअर बँकिंगकडे नेतो, खात्यात शिल्लक पाहिली जाते आणि हो किंवा नाही परत येतं. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी हल्लेखोरांनी मध्येच आपला बनावट स्विच बसवला होता. ठरावीक कार्डांचे प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत गेलेच नाहीत. बनावट स्विच परस्पर 'द्या' म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. कोल्हापुरातल्या एटीएमवरही माणसं उभी होती. पैसे काढणाऱ्या अशा हस्तकांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये शिक्षा सुनावली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. ज्याला स्विच म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला यात फक्त 'बँक हॅक झाली' एवढंच दिसतं. ज्याने बँकेच्या एटीएम विभागात चार दिवस बसून चहा घेतलाय तो विचारतो: स्विचने मंजूर केलेले आणि कोअर बँकिंगने पाहिलेले व्यवहार दर तासाला जुळवून कोण बघतं?

हाच प्रश्न आधी विचारायची संधी कशी दिसते, तेही याच प्रकरणात आहे. आदल्या दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता: येत्या काही दिवसांत जगभर एकाच वेळी एटीएम लुटण्याचा बेत आहे. त्यात कुठल्या बँकेचं नाव नव्हतं. बहुतेक इशारे असेच असतात, अर्धे आणि उशिरा. असा कागद हातात पडला की अ‍ॅनालिस्टची कसोटी लागते. तो जसाच्या तसा शंभर जणांना फॉरवर्ड करणं ही पळवाट झाली. एटीएम विभागाला, स्विच सांभाळणाऱ्याला आणि शनिवार-रविवारी फोन उचलणाऱ्याला समजेल अशा भाषेत चार ओळी लिहायला हव्यात: काय होऊ शकतं, आपल्याकडे होण्याची शक्यता किती वाटते, कशावरून, आणि उद्या सकाळच्या आत कुठली मर्यादा कमी करायची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, त्यामुळे लिहिण्याची घाई वाढली. नीट लिहिणारे मात्र त्या मानाने वाढलेले दिसत नाहीत.

आणि एटीएमची पहिली लाट ओसरली की लगेच दुसरं टिपण लिहायचं असतं, ते पुढच्या हल्ल्याचं. कॉसमॉसच्या अडीच वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेश बँकेतून स्विफ्टच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या, खोट्या संदेशांनी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले होते, तेही वेगवेगळ्या देशांच्या सुट्ट्या साधून. कॉसमॉसमध्ये हात कुणाचा हे त्या रविवारी ठरवता आलं नसतं, ठरवायची गरजही नव्हती. स्विचपर्यंत पोहोचलेला माणूस स्विफ्टच्या यंत्रापर्यंतही पोहोचलाय का, एवढंच तपासायचं होतं. सोमवारी, १३ ऑगस्टला, कॉसमॉसच्या स्विफ्टमधून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले.