हात मागे बांधून

एमडी-एमएस झालेला डॉक्टर महाविद्यालयात रुजू होतो आणि दुसऱ्याच दिवशी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ होतो. शिकवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ही उणीव भरून काढायचं काम आपल्याकडे जुनं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत त्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र १९७०च्या दशकातच सुरू झालं. २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि शिक्षकांसाठीच्या आमच्या तीन दिवसांच्या कार्यशाळांची निकड आणखी वाढली.

पहिला दिवस उद्दिष्टं लिहिण्यात जातो. ‘विद्यार्थ्याला समजेल’ असं लिहू नका, ‘करून दाखवेल’ असं लिहा, वगैरे. हे गरजेचं आहे, पण घरी वाचूनही जमण्यासारखं आहे. माझा जीव गुंतलेला असतो तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सत्रात.

टेबलावर शीर शोधण्याच्या सरावाचा रबरी हात ठेवलेला असतो. शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांनी आम्ही सलाईनची सुई लावायला शिकवतो. आधी शिक्षक न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवतो. मग प्रत्येक कृती सांगत करतो. तिसऱ्या पायरीला विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक करतो. चौथीत विद्यार्थी स्वतः करतो. खरी गंमत तिसरीत आहे, कारण तिथे विद्यार्थ्याने सांगितलं तेवढंच शिक्षकाने करायचं असतं. एकदा फार निष्णात हाताचे एक सर्जन शिक्षक झाले होते आणि शरीररचनाशास्त्राच्या एक मॅडम विद्यार्थिनी. मॅडम म्हणाल्या, “शीर शोधा, स्पिरिटने पुसा, सुई घाला.” सरांचा हात दंडाला बांधायच्या टर्निकेकडे वळलासुद्धा. मी म्हटलं, “सर, टर्निके त्यांनी सांगितलेला नाही.” सर थबकले. विद्यार्थिनीची एक पायरी राहिली होती आणि सरांच्या सवयीने ती झाकली जाणार होती. तिला काय येत नाही, हे मग कुणालाच कळलं नसतं.

वॉर्डात हेच रोज घडतं. विद्यार्थी एकटा पेशंटजवळ बसतो, इतिहास विचारतो, तपासतो आणि मग आमच्यापुढे केस मांडतो. आम्ही त्याचं मांडणं ऐकतो. तपासणं बघतच नाही. पोट दाबताना त्याची नजर पेशंटच्या चेहऱ्यावर होती की स्वतःच्या बोटांवर? दुखतंय हे आधी चेहरा सांगतो. प्रेझेंटेशनमध्ये मात्र ‘पोट मऊ, वेदना नाही’ एवढंच वाक्य येतं, तेही पाठ केलेल्या सुरात.

जॉर्ज मिलर यांनी १९९०मध्ये चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं हे माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. आपल्या परीक्षा बहुतेक खालच्या दोन पायऱ्यांवरच रेंगाळतात. वरचं जोखायचं तर शेजारी उभं राहून बघावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही.

“वेळ कुठे आहे, मॅडम?” हा प्रश्न दरवेळी येतो, आणि तो खरा आहे. ओपीडीची रांग मी रोज बघते. म्हणून मी एवढंच मागते: दिवसाला एक विद्यार्थी, दहा मिनिटं. नंतर पेशंटपासून दूर नेऊन, जे दिसलं तेच सांगायचं. ‘छान केलंस’ ऐकून मुलगा सुखावतो, पण उद्या काय बदलायचं ते त्याला कळत नाही. ‘डावीकडे दाबलंस तेव्हा आजोबांनी ओठ आवळले, तुझं लक्ष नव्हतं’ हे वाक्य तो पुढच्या पेशंटपाशी घेऊन जातो.

म्हणूनच तिसऱ्या दिवशीची सकाळ आम्ही सभागृहातून वॉर्डात हलवली. पेशंटची परवानगी घेऊन दोघे शिक्षक खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, हात मागे बांधून. विद्यार्थी तपासतो. मध्ये बोलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही; पेशंटला त्रास होईल असं काही दिसलं तरच थांबवायचं. मग दोघांनी आपापली टिपणं ताडून बघायची.

एका जोडीतल्या मेडिसिनच्या सरांनी तपासणीचा क्रम बिनचूक टिपला होता. कान-नाक-घशाच्या मॅडमनी वेगळंच लिहिलं होतं: मुलाने सगळे प्रश्न पेशंटच्या नवऱ्याला विचारले, बाईंना एकही नाही. सरांना ते दिसलंच नव्हतं. याचे गुण कापायचे की नुसतं सांगायचं, यावर जेवणाच्या पंगतीतही वाद चालू राहिला. माझं म्हणणं, आधी त्या मुलाला आजच्या आज सांगा. गुणांचं परीक्षेत बघू.