उजनीच्या काठावर होडी आणि कागद

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटर गेले की भिगवण लागते. आम्ही सातआठ जण रविवारी मुलाबाळांसह, डबे बांधून गेलो. कुंभारगावच्या काठावर पोचलो तर समोर नजर जाईल तिथवर उजनीचे पाणी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. पाणीसाठा सुमारे ११७ टीएमसी. इंदापूर-करमाळ्याकडची किती तरी गावे या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी उतरले की अजूनही वर दिसते.

काठावरच्या माणसांनी जाळ्यावर संसार उभे केले. चिलापी, कटला, मरळ भिगवणच्या बाजारात येतात. पुढे रोहित पक्ष्यांच्या मागे शहरातले कॅमेरेवाले आले आणि मासे धरणारे हात पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. कुठे ऐलतीरावरून पैलतीरावर माणसांची ने-आणही होडीनेच, कारण रस्त्याने वळसा मोठा.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले. तेव्हापासून काठावर कागदाची चौकशी कडक झाली.

आम्ही कागदावरच पोट भरणारी माणसे, म्हणून कायदा समजून घेतला. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, जून २०२२ पासून तो लागू होऊ लागला. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा, जीवरक्षक साहित्य, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र. वल्ह्याच्या होडीची नोंद स्थानिक पातळीवर. म्हणजे मागे एक लहान मोटार बसवली की होडीचा वर्गच बदलला! शिवाय मासेमारीचा परवाना वेगळा, माणसे बसवण्याचा वेगळा.

एका होडीवाल्याने आम्हाला विचारले, "दादा, होडी वडिलांनी करून घेतलेली. तिची पावती मी कुठून आणू?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

नोंदणी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. सहा जीव गेल्यावर तसे कोण म्हणेल? पण महाराष्ट्र सागरी मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत, आणि होडीवाला एक दिवस काठ सोडून गेला की त्या दिवसाची कमाई बुडाली. रेशनकार्डाची शिबिरे गावात भरतात, तसे तपासणारे अधिकारी हंगामाआधी काठावर आले, जुन्या होडीला पंचनाम्यावर कागद मिळाला, विम्याचा हप्ता सोसायटीमार्फत भरता आला, तर बहुतेक होड्या आपणहून पुढे येतील. नाहीतर ज्याच्या गाठीला पैसा तोच बोट चालवील आणि जुना होडीवाला त्याच्याकडे रोजावर लागेल.

वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर थंडीत, भल्या सकाळी जावे. लाइफ जॅकेट आधी मुलांना घालावे, मग आपण. जागा आहे म्हणून जास्तीचा माणूस बसवू नये आणि भाड्यासाठी फार घासाघीस करू नये.