थोडी ढील हवीच

नांदेडच्या देगलूर नाक्यावर बसा, नाहीतर लातूरच्या एमआयडीसीत; कुठल्याही गॅरेजात तासाभरात कोणीतरी येऊन म्हणणारच, "ब्रेक जरा टाईट करून द्या." टाईट म्हणजे चांगला, ही आपल्याकडची पक्की समजूत. घरी गाड्या बांधायचा नाद लागल्यापासून माझं या समजुतीशी भांडण आहे. ब्रेक लागायला जोर पुरतो, पण सुटायला मुद्दाम राखलेली ढील लागते. ती कुठे राखायची, हे ब्रेक ऑईलची डबी बसवताना नीट कळतं.

घरची गाडी म्हटलं की लोक इंजिन बघतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी गाडी केली. २०२१च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी, ती नियमांत बसत नाही असं सांगूनही, तिचं कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जो तो त्या किकबद्दल बोलत होता. माझी नजर मात्र अशा गाडीत आधी पेडलाखाली जाते.

आमच्या घरी बांधलेल्या बगीला, ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर जुन्या मारुती ८००चा आहे. मारुतीत डबी सिलिंडरच्या डोक्यावरच बसते. आमच्याकडे नेमका तिथूनच चासीचा आडवा पाइप जातो. म्हणून डबी वर पत्र्यावर नेली आणि दोन होजनी खाली जोडली. दोन अशासाठी, की पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. पिथमपूरला २००७मध्ये सुरू झालेल्या बाजा स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या गाड्यांनाही हाच नियम आहे: दोन स्वतंत्र लाइन आणि दोन्हींचा साठा अलग. डबी एकच असेल तर आत पडदी हवी, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरीचं ऑईल शिल्लक राहतं.

होज ब्रेक ऑईलचाच घ्यावा. पेट्रोलचा होज दिसतो तसाच, पण या ऑईलात टिकत नाही. सिलिंडरच्या तोंडाला रबरी ग्रोमेट बसवताना त्याला ब्रेक ऑईलचंच बोट लावायचं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगलंच. आणि होज डबीकडे सतत चढता हवा. लातूरकराला हे समजवावं लागत नाही. कित्येक दिवसांनी पाणी आलं की आधी नळातून हवा फसफसते, आणि गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला मधेच उंचवटा असला तर टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. होजच्या उंचवट्यात बुडबुडा अडकला की इथेही तेच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं होज खालून वर हलके ठोकत गेलं, की मोहरीएवढे बुडबुडे डबीत वर येताना दिसतात. ते थांबल्याशिवाय चाकांकडची हवा काढायला बसू नये.

आता ढिलीची गोष्ट. मास्टर सिलिंडरमध्ये डबीकडे उघडणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ते उघडं पडतं. तापून फुगलेलं ऑईल तिथूनच डबीत परततं. पेडल टाईट हवं म्हणून पेडलापासून पिस्टनकडे जाणारा पुशरॉड लांब केला, तर पिस्टन थोडा पुढेच राहतो आणि भोक झाकलं जातं. मग मे महिन्यातल्या नांदेडच्या उन्हात चार ब्रेक मारले, की फुगलेल्या ऑईलाला वाट उरत नाही. ते पॅड दाबतं, चाक घासतं, घासून आणखी तापतं आणि शेवटी जाम होतं. म्हणून पुशरॉड आणि पिस्टन यांत मी मिलिमीटरभर फट ठेवतो. फट बरोबर आहे का, हे डबी सांगते. झाकण काढून ऑईलवर नजर ठेवायची आणि पेडल हातानं अगदी हलकं दाबायचं. भोक उघडं असेल तर ऑईलात खालून बारीकशी उकळी येते, लहानसा भोवरा उठतो. काहीच हललं नाही तर पुशरॉड आखूड करायचा.

झाकणालाही श्वास लागतो. त्याला बारीक छिद्र असतं, आणि आतली रबरी घडी हवेतला ओलावा ऑईलापर्यंत जाऊ देत नाही. डॉट ४ ऑईल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी प्यायलेलं १५५लाही उकळू शकतं. उकळलं की लाइनीत वाफ आणि पेडल पोकळ. म्हणून डबा एकदा फोडला की उरलेलं ऑईल वर्षभर जपून ठेवायचं नाही. डबा एकदा फोडला की उरलेलं ऑईल वर्षभर जपून ठेवायचं नाही.

मंजुरीच्या चाचण्यांशिवाय अशा गाडीची नोंदणी होत नाही, त्यामुळे आमची बगी शेतातल्या वाटेवरच फिरते. हाताखालचा पोरगा विचारतो, "काका, एवढी ढील ठेवल्यावर पेडल खाली नाही जाणार?" पेडल खाली बसतं ते हवेमुळे नाहीतर गळतीमुळे, हे त्याला चाक जॅकवर घेऊनच पटतं. चक्कर मारून आल्यावर गरम चाक हातानं फिरवायचं. ते मोकळं फिरलं, तरच पुढची तपासणी. ब्रेक सुटतो का ते मी आधी बघतो; लागतो का, ते त्यानंतर.