नांदत्या घराचे आवाज

लग्नावरचे आवडते जुने चित्रपट कोणते, असं कुणी विचारलं की मी पहिलं नाव 'कुंकू'चं घेतो. समोरचा लगेच विषयाकडे वळतो. जरठ-कुमारी विवाह, समाजसुधारणा, शांता आपटेंचा करारी बाणा. त्यात काहीच खोटं नाही. पण माझा सगळा जन्म सिनेमाच्या आवाजात गेला, आणि माझ्या लेखी 'कुंकू' हा आधी कानांनी बघायचा चित्रपट आहे.

साल १९३७. 'आलम आरा' येऊन सहा वर्षं झालेली, 'अयोध्येचा राजा'ला पाच. बोलपट अजून स्वतःच्या आवाजावर खूश होता आणि जिथे जागा सापडेल तिथे वाद्यवृंद भरत होता. अशा वेळी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम यांनी लग्नाची गोष्ट सांगायला घेतली आणि पार्श्वसंगीत मुळातूनच वगळलं. पडद्यावर जे ऐकू येतं ते त्या घरातलं असतं, नाहीतर घरासमोरच्या रस्त्यावरचं. गाणी आहेत, केशवराव भोळ्यांची आहेत, पण त्यांच्या साथीलाही कुठून तरी अवतरलेला वाद्यवृंद नाही. शांता आपटेंची नायिका नीरा गाते तेव्हा घरातल्या ग्रामोफोनची साथ असते. त्याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविताही गातात, आणि १९३७ सालच्या मराठी प्रेक्षकाने ती ऐकून घेतली, याचं मला आजही नवल वाटतं.

हे किती धाडसाचं होतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. त्या काळी आवाज फिल्मवरच उमटवत. आवाजाप्रमाणे उजेड कमीजास्त व्हायचा आणि त्याची नक्षी फिल्मच्या कडेला छापली जायची. मॅग्नेटिक टेप आपल्या स्टुडिओंत यायची होती. दोन-चार ट्रॅक एकत्र करायचे म्हणजे पुन्हा ध्वनिमुद्रण, आणि प्रत्येक वेळी खरखर वाढलेली. शिवाय शॉट बदलला की मागची शांतताही बदलते. एका शॉटमध्ये माइक भिंतीजवळ असतो, दुसऱ्यात दाराजवळ, आणि कट पडला की कानाला ठेच लागते. पार्श्वसंगीत हे या सगळ्यावरचं पांघरूण होतं. ते ओढून घेतलं की खालचे सांधे दिसत नसत. शांतारामांनी तेच काढून टाकलं.

आणि नेमक्या याच विषयासाठी काढलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. विवाहाच्या गोष्टीत संगीत प्रेक्षकाला फार लवकर बाजू घ्यायला लावतं. नवरीवर सनई रडली की ती बिचारी, नवऱ्यावर झांजा वाजल्या की तो दुष्ट. 'कुंकू'मध्ये ही सोय नाही. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतला हा प्रौढ विधुर वकील, काकासाहेब, केशवराव दात्यांनी असा उभा केलाय की त्याचा राग यावा आणि त्याच वेळी त्याची अडचणही समजावी. फसवून आणलेली तरुण बायको त्याला नवरा मानायला तयार नाही. तो दाराबाहेर आहे, ती आत आहे. मधे फक्त घराची शांतता आणि भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक. हे घड्याळ चित्रपटभर आपली पाठ सोडत नाही. काकासाहेबांचं वय, त्यांची घुसमट, त्या घरातला न सरणारा दिवस, सगळं ते एकटं घड्याळ वाहतं. त्या खोलीत प्रेक्षकाला कुणी हाताला धरून नेत नाही. तो तिथे बसतो आणि ऐकतो.

आणखी एक गोष्ट. काकासाहेबांची मुलगी सुशीला नव्या आईच्या बाजूने उभी राहते, तिची भूमिका शकुंतला परांजपे यांची. त्या पडद्याबाहेरही र. धों. कर्व्यांच्या विचारांचं संततिनियमनाचं काम करत होत्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. सुशीलेच्या बोलण्यात नाटकी चढउतार नाही, सभेत बोलावं तसं सरळ बोलणं आहे. भोवती संगीत नसल्याने तो फरक कानाला स्वच्छ जाणवतो.

शेवट मात्र मला पटत नाही, आणि तो न पटण्यामागे माझं प्रेमच आहे. काकासाहेबांना चूक उमगते, ते नीरेला मोकळं करण्यासाठी जीव देतात आणि पुन्हा लग्न करण्याचं चिठ्ठीत लिहून जातात. जवळपास पावणेतीन तास इतक्या हिमतीने लढलेल्या बाईची सुटका अखेर नवऱ्याच्या मरणाने व्हावी, हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. देवलांच्या 'शारदा'पासून, म्हणजे १८९९ पासून, हा प्रश्न मराठी रंगभूमीवर होता. 'कुंकू' त्याच्या फार पुढे गेला, फक्त शेवटच्या पावलाला थबकला.

'कुंकू'च्या आदल्या वर्षी प्रभातचाच 'संत तुकाराम' आला. लोक त्याला भक्तिपट म्हणतात. मी त्याला मराठीतला सर्वांत खरा संसारपट म्हणतो. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, आणि त्यातले विष्णुपंत दामले हे प्रभातच्या ध्वनिमुद्रणाचा भार वाहणारे. ते या चित्रपटात ऐकू येतं. एकीकडे तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा तल्लीन, सुरेल गळा आणि दुसरीकडे त्यांच्या बायकोचा, गौरीबाईंच्या जिजाईचा, भांड्यावर भांडं आदळल्यासारखा खणखणीत आवाज. गौरीबाई प्रभातमध्ये पडेल ते काम करता करता पडद्यावर आल्या होत्या. त्यांची भाषा कुणी घडवलेली नाही, ती घरातून आलेली आहे. पोर आजारी पडतं तेव्हा जिजाई हातात वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. ऐकताना लक्षात घ्या, दिग्दर्शकाने तिच्या आवाजाची धार जराही कमी केलेली नाही. अभंग मोठा आणि तिची तक्रार क्षुल्लक, असं ध्वनिफीत कुठेही म्हणत नाही. दोन्ही आवाज सारख्याच मानाने मुद्रित झालेत. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा तिचा आणि पोरांचा हरखलेला आवाज ऐका, आणि मग तुकोबांचा नकार. नवरा वैकुंठाला निघतो तरी तिचा जीव पोरांत, म्हशीत, चुलीतच राहतो. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. देवासाठी आलेले पुष्कळ असतील, पण जिजाईसाठी आलेले कमी नसणार, असं मी धरून चालतो.

मराठीबाहेर जायचं तर पहिलं नाव सत्यजित राय यांच्या 'चारुलता'चं, १९६४ मधल्या. टागोरांच्या 'नष्टनीड'वर बेतलेला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडचा, कलकत्त्यातलं श्रीमंत घर. सुरुवातीची सहा-सात मिनिटं जवळजवळ एकही संवाद नाही. चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर भरतेय. घड्याळात चारचे ठोके पडतात, ती नोकराला साहेबांचा चहा न्यायला सांगते. मग पुस्तकं चाळते, कंटाळते. रस्त्यावरून माकडवाल्याच्या डमरूचा आवाज येतो आणि ती दांडीची दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत धावते. पालखीचे भोई, छत्रीवाला लठ्ठ माणूस. बाहेरचं जग तिच्याकडे आधी कानावाटे येतं, मग डोळ्यांवाटे. एवढ्यात नवरा, भूपती, बुटांचा आवाज करत आतून येतो, पुस्तकात तोंड खुपसून तिच्या समोरून जातो आणि तिला पाहतही नाही. ती तीच दुर्बीण त्याच्यावर धरते. तोही आता रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांपैकी एक. भूपती वाईट नाही, दारुडा नाही, मारकुटा नाही. त्याचं वर्तमानपत्र आहे, छापखाना घरातच आहे. बायकोवर प्रेमही आहे. लग्नातला एकटेपणा इतक्या नेमक्या आवाजांतून मी दुसरीकडे ऐकलेला नाही. शेवटी दोघांचे हात एकमेकांकडे येतात आणि चित्र गोठतं. हात भेटले की नाही, हे रायनी आपल्यावर सोडलंय, आणि मला ते 'कुंकू'च्या शेवटापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

हृषीकेश मुखर्जींचा 'अनुराधा' (१९६०) याच जातीचा, पण उलट बाजूने. बायको रेडिओवर गाजलेली गायिका, नवरा खेड्यातला ध्येयवादी डॉक्टर. लग्नानंतर घरातलं गाणं थांबतं. संगीत पंडित रविशंकरांचं, आणि ते नाही तिथे जास्त बोलतं. अखेरीस पाहुण्यांसमोर ती पुन्हा गाते, तेव्हा आपल्या घरातून काय नाहीसं झालं होतं ते डॉक्टरला कळतं. लीला नायडू आणि बलराज साहनी यांच्यासाठी तो आवर्जून बघावा.

हलक्याफुलक्या चित्रपटांतही हे सापडतं. राजा ठाकुरांच्या 'मुंबईचा जावई'मध्ये (१९७०) चाळीतल्या खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. कितीही हळू बोललं तरी घरभर ऐकू जातं, आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. बासू चॅटर्जींनी दोन वर्षांत त्याचा 'पिया का घर' केला. मला मराठीतली चाळ जास्त खरी वाटते.

'उंबरठा' (१९८२) मी या यादीत ठेवतो तो स्मिता पाटीलच्या सुलभासाठी. महिलाश्रमातलं काम सोडून ती घरी परतते. सासर सुखवस्तू आहे, कुणी तिला टाकून बोलत नाही, पण मुलगी दुरावलेली आहे आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. नवरा झालेले गिरीश कार्नाड ते आवाज न चढवता सांगतात. विजय तेंडुलकरांनी लिहिलेलं हे बोलणं इतकं सभ्य आहे की त्याला उत्तरच नाही. सुलभा घर सोडते, रेल्वेत बसते. इथे मरण नाही, चिठ्ठी नाही. जे पाऊल नीरेला टाकता आलं नाही, ते सुलभाने ४५ वर्षांनी टाकलं.

परदेशी समीक्षक इंगमार बर्गमनच्या १९७३ च्या 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज'बद्दल भरभरून लिहितात, आणि तो आहेच तसा. दोन माणसं, बंद खोल्या, संगीताचा आधार जवळपास नाही. पण हा मार्ग पुण्यात छत्तीस वर्षं आधी कुणीतरी चालून गेलं होतं, हे आपणच सांगायला हवं. जिथे 'कुंकू' घडला तो प्रभातचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, आणि तिथे आवाजाचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवलाच पाहिजे.

आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. शूटिंग संपलं की त्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते. पंख्याचा गुंजारव, पलीकडच्या गल्लीतली सायकल, स्वयंपाकघरातून येणारा बारीकसा आवाज. संवाद सांधायला ती लागते. पण वेळ वाचवायचा झाला की युनिट पहिला हात या मिनिटावर मारतं. बांगड्यांचंही तेच. वाक्यावर किणकिण येते म्हणून अभिनेत्रीला त्या काढायला सांगतात, आणि नंतर मिक्सिंगमध्ये कुणी त्या परत घालत नाही. मग घर मुकं होतं, आणि मुकं झालं म्हणून वर व्हायोलिनं चढवली जातात. आजच्या मालिकांतली नवरा-बायको जिवंत वाटत नाहीत, त्याला माझ्या मते लिखाणाइतकंच हेही कारण आहे. निर्मात्यांना माझं सांगणं आहे की ते मिनिट वाचवू नका.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीत यातला एखादा चित्रपट लावाल, तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत. जुन्या फिल्मच्या आवाजात आधीच कमी शिल्लक असतं, तेही गळून जातं. बरा स्पीकर घ्या किंवा हेडफोन लावा, पंखा थोडा वेळ बंद ठेवा. सुरुवात 'कुंकू'ने करा, आणि जमलं तर दोघांनी मिळून ऐका.